आधी पाणी कुठून येतं ते सांगा: बुरशीच्या नमुन्यांच्या प्रकल्प नोंदी, जळगाव जिल्हा

१४ जून, जळगाव

मृगाचे चार थेंब पडून गेले, उकाडा मात्र अजून मे महिन्याचाच. विद्यार्थ्यांना नवल वाटलं की इमारतींतल्या बुरशीचे नमुने घ्यायचं काम आत्ताच का सुरू करायचं, पाऊस तर लागू द्या. पण मला पावसाआधीची भिंत बघायची आहे. कोरडी असताना ती मीटरवर किती दाखवते हे लिहून ठेवलेलं नसेल, तर ऑगस्टमधल्या आकड्याची तुलना कशाशी करणार?

तीन इमारती ठरल्या: अमळनेरजवळच्या एका गावातलं जुनं वाचनालय, पारोळा तालुक्यातलं एक धाब्याचं, म्हणजे मातीच्या छताचं घर आणि जळगावातला एक नवा फ्लॅट. परवानग्या घेतल्या, कोणाचं नाव कुठे येणार नाही असं कबूल केलं. वाचनालयाची तक्रार सगळ्यात स्पष्ट आहे. वाचन खोलीत तासभर बसलं की दोन-तीन सभासदांना शिंका आणि खोकला सुरू होतो, घरी गेलं की थांबतो. खोलीत कुबट वास येतो, पण भिंतीवर डोळ्यांना काही दिसत नाही.

आज सगळं साहित्य एका टेबलावर मांडलं. हवेच्या नमुन्यासाठी चारशे छिद्रांचा एकटप्पी इम्पॅक्टर, दुसऱ्या विभागाकडून उसना. पंप मिनिटाला २८.३ लिटर हवा ओढतो. ती छिद्रांतून वेगाने खालच्या प्लेटमधल्या अगारवर, म्हणजे बुरशी वाढवायच्या जेलीसारख्या थरावर आदळते, बीजाणू तिथे चिकटतात आणि पुढे त्यांच्या डोळ्यांना दिसणाऱ्या कॉलनी वाढतात. बीजाणू मोजण्याच्या कॅसेट फक्त दोन मिळाल्या, महाग आहेत आणि एकदाच वापरता येतात. पृष्ठभागासाठी पारदर्शक चिकटपट्टी, निर्जंतुक कापसाच्या काड्या, दहा बाय दहा सेंटिमीटरची चौकट. प्लास्टरच्या तुकड्यांसाठी कागदी पाकिटं. प्लास्टिकच्या पिशवीत ओला तुकडा ठेवला की वाटेतच बुरशी वाढते आणि आपण भिंतीऐवजी पिशवीचा निकाल लिहितो. शिवाय दोन पिनांचा ओलावा मीटर, हवेतली आर्द्रता दाखवणारा काटा आणि एक चांगली टॉर्च.

विद्यार्थ्यांची सगळी नजर इम्पॅक्टरवर होती. टॉर्च कोणी हातात घेतली नाही.

वहीच्या पहिल्या पानावर नियम लिहून घेतला: प्रत्येक नमुन्यापुढे तो कोणत्या प्रश्नासाठी घेतला ते एका वाक्यात लिहायचं. वाक्य सुचलं नाही तर नमुना घ्यायचा नाही.

२२ जून, वाचनालय

सकाळच्या गाडीने अमळनेर, तिथून जीप. बरोबर स्थापत्य विभागातले सर आणि तिघं विद्यार्थी. आज एकही नमुना घ्यायचा नाही असं आधीच ठरवलं होतं, फक्त फिरायचं.

इमारत विटांची, वर सिमेंटचा स्लॅब, त्यावर कोबा. वाचन खोलीच्या पश्चिम भिंतीला लोखंडी कपाटांची रांग अगदी टेकवून लावलेली. आत जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे आणि बांधलेली मासिकं. ग्रंथपाल काकांनी प्रत्येक कपाट उघडून दाखवलं. तीस वर्षं ते हे सांभाळत आलेत आणि पुस्तकावर डाग दिसला की त्यांचा चेहरा उतरतो. काही पुठ्ठ्यांवर फिकट पिवळसर भुरी आहे, बोटाने पुसली जाते.

मीटरच्या पिना मोकळ्या भिंतींवर पंधरा ठिकाणी टेकवल्या. या मीटरचं प्रमाण लाकडासाठी ठरवलेलं असतं, त्यामुळे प्लास्टरवर त्याचा आकडा टक्के म्हणून वाचायचा नसतो. त्याच भिंतीची कोरडी जागा आणि संशयाची जागा यांची तुलना तेवढी करायची. पूर्वेची भिंत कोरडी. पश्चिमेकडे कपाटांच्या फटीतून एका कोपऱ्यात पिना गेल्या, तर पावसाला अजून सुरुवात नसतानाही काटा जरा वर. तिथेही, त्या पंधरा जागांसारखीच, पेन्सिलीने बारीक खूण करून ठेवली.

सर गच्चीवर जाऊन आले. निंबाचा पाला आणि कबुतरांची पिसं साचून पाणी जायचं भोक अर्धं बुजलंय. पाईप बाहेरून दिसत नाही. भिंतीत गाडलेला आहे, असं काका म्हणाले. तो बरोबर कुठून खाली उतरतो हे त्यांनाही आठवत नव्हतं.

५ जुलै, वाचनालय

पाऊस बऱ्यापैकी लागला. नमुन्यांचा पहिला दिवस.

पंपाचा प्रवाह रोटामीटरवर तपासला, सुरुवातीला आणि शेवटी. प्लेटमध्ये दोन माध्यमं: क्लोरॅम्फेनिकॉल हे जिवाणू रोखणारं औषध घातलेलं माल्ट अगार आणि डीजी-१८. माल्टवर बरंचसं वाढतं. पण र्‍हायझोपससारखी धावणारी बुरशी आली तर एका रात्रीत सगळी प्लेट झाकून टाकते आणि बाकीचं मोजता येत नाही. डीजी-१८ मध्ये ग्लिसरॉलमुळे पाणी बांधलेलं असतं, म्हणून कमी ओलीत जगणाऱ्या जाती तिथे उगवतात. आणि डायक्लोरान धावणाऱ्यांना लगाम घालतं. पुस्तकांवरची भुरी बहुतेक या कमी ओलीवाल्या गटातली असणार, म्हणून दोन्ही हवीत.

नमुना बसलेल्या माणसाच्या नाकाच्या उंचीवर, दोन मिनिटं. म्हणजे ५६.६ लिटर. खोलीत दोन ठिकाणी, व्हरांड्यात एक आणि इमारतीबाहेर मोकळ्यावर एक. बाहेरचा नमुना सोडून चालत नाही, कारण बुरशीचे बीजाणू नसलेली हवा खानदेशात काय, कुठेच नसते. क्लॅडोस्पोरियम आणि अल्टरनेरिया या बुरशी शेतातून, वाळल्या पानांवरून उडतच असतात. आतलं बाहेरच्यापेक्षा किती जास्त हे बघायचंच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे आत असं काही आहे का जे बाहेर नाही.

दर नमुन्यानंतर इम्पॅक्टर सत्तर टक्के अल्कोहोलने पुसला. दोन प्लेट नुसत्या उघडून, यंत्रात ठेवून, पंप न चालवता परत झाकल्या; या कोऱ्या प्लेट.

८ जुलै, जळगाव

दोन्ही कोऱ्या प्लेटवर कॉलनी आल्या. एकीवर चार, दुसरीवर सात.

५ तारखेच्या सगळ्या प्लेट रद्द. विद्यार्थी हळहळले, एकाने ती संख्या वजा करून बाकी वापरू असं सुचवलं. नाही. बुरशी कुठून शिरली हे माहीत नाही, मग प्रत्येक प्लेटवर तेवढीच शिरली हे तरी कशावरून म्हणायचं? माझा संशय जीपवर आहे. प्लेटचा डबा मागच्या सीटवर उन्हात होता, झाकणाला आतून पाणी धरलं आणि खड्ड्यांमध्ये ते पाणी कडेने आत-बाहेर झालं. पुढच्या वेळी थर्माकोलची पेटी, बर्फाच्या पिशव्या, प्लेट उलट्या आणि प्रत्येकीला पट्टी.

१२ जुलै, प्रयोगशाळा

आजचा दिवस एका वादात गेला आणि तो सत्कारणी लागला असं मला वाटतं. विद्यार्थ्यांचा प्रश्न होता की एवढी यातायात कशाला, खोलीत प्लेट अर्धा तास उघडी ठेवली की झालं. पहिल्या वर्षाच्या प्रात्यक्षिकात आपण हेच शिकवतो, त्यामुळे प्रश्न अगदी रास्त आहे.

फळ्यावर हिशेब मांडला. स्थिर हवेत कण खाली पडण्याचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. पाण्याइतक्या घनतेचा तीन मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) गोल कण एक मीटर खाली यायला सुमारे एक तास घेतो. वीस मायक्रॉनचा कण तेच अंतर दीडेक मिनिटात उतरतो. ॲस्परजिलस आणि पेनिसिलियम या बुरशींचे बीजाणू साधारण दोन ते पाच मायक्रॉनचे असतात, अल्टरनेरियाचे त्याच्या कितीतरी पट मोठे. म्हणजे उघड्या प्लेटवर बाहेरून आलेला मोठा अल्टरनेरिया भराभर पडणार आणि ओल्या भिंतीतून सुटणारा बारीक ॲस्परजिलस पंख्याच्या वाऱ्यावर खोलीभर तरंगत राहणार. जे शोधायला गेलो तेच हुकणार. शिवाय किती हवेतून किती पडले हे सांगता येत नाही, त्यामुळे घनमीटरचा आकडा कधीच मिळत नाही.

तरी उघडी प्लेट निरुपयोगी आहे असं मी म्हणणार नाही. नऊ सेंटिमीटरची प्लेट, जमिनीपासून एक मीटर वर, भिंतीपासून एक मीटर लांब, एक तास. या ठरलेल्या पद्धतीने पृष्ठभागावर काय पडतं हे कळतं. शस्त्रक्रियेच्या टेबलावर काय पडेल हा प्रश्न असेल तर तो बरोबर प्रश्न आहे. छातीत काय जाईल याचं उत्तर ती देत नाही.

मग मुलांना डॉ. एस. टी. टिळक यांच्याबद्दल सांगितलं. औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठात त्यांनी हवेतल्या जीवकणांचा अभ्यास उभा केला. त्यांच्या नावाचं टिळक एअर सॅम्पलर चिकटपट्टी लावलेल्या फिरत्या ड्रमवर सलग आठ दिवसांची हवा टिपतं. अजिंठ्याच्या चित्रांचं काय नुकसान होतं, याचा विचार त्यांनी लेण्यांमधल्या हवेच्या अंगाने केला. अजिंठा इथून दोन तासांच्या आत आहे, दरवर्षी आमची सहल जाते, आणि एकाही मुलाने हे नाव ऐकलेलं नव्हतं.

१९ जुलै, पारोळा तालुका

धाब्याचं घर. मातीचं छत, सागाच्या तुळया, जाड भिंती. बाहेर उकाडा होता आणि आत पाऊल टाकताच गारवा. घरातल्या आजींचं वय ऐंशीच्या पुढे. मुलाने फोनवर सांगितलं होतं की भिंतीला पांढरी बुरशी आलीय, तपासून द्या.

पेटी उघडत होतो तेवढ्यात आजी म्हणाल्या, "माय, पाणी कथाईन ई राहिनं ते पहिले सांग."

पाणी कुठून येतंय ते आधी सांग, असं त्यांचं अहिराणीत म्हणणं. आमच्या वहीतल्या नियमापेक्षा हे वाक्य सरळ आहे. पेटी बंद केली आणि त्यांच्याबरोबर घराभोवती फिरलो.

पांढरा थर जमिनीपासून गुडघ्याच्या जरा वरपर्यंत, घरभर एकाच उंचीवर. त्यावर पाण्याचा थेंब टाकला, थर विरघळला. चिकटपट्टी लावून हातातल्या भिंगाखाली पाहिली, नुसते स्फटिक, एकही तंतू नाही. हा लोणा आहे. जमिनीतलं पाणी भिंतीत चढतं, बरोबर क्षार आणतं, पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. इथे पिनांचा मीटर फसवतो, हेही मुलांना दाखवता आलं: क्षारांमधून वीज सहज वाहते, त्यामुळे भिंत आहे त्याहून कितीतरी ओली दिसते.

पाणी कुठून, ते आजींनीच दाखवलं. गल्लीत सिमेंटचा नवा रस्ता झाला आणि तो जोत्यापेक्षा वर आला. पावसाचं पाणी आता भिंतीला टेकून उभं राहतं, खाली काळी माती, ती अनेक दिवस ओल सोडत नाही. त्यात मुलाने आतून तीन फूट सिमेंटचं प्लास्टर करून घेतलं. पूर्वीच्या मातीच्या गिलाव्यातून ओल बाहेर पडायची, आता ती कोंडून वर चढते. सरांनी सांगितलं की भिंतीलगत चर खणून पाणी उताराला काढा आणि आतलं सिमेंट खरवडून मातीचा किंवा चुन्याचा गिलावा करा. वर धाब्यावर दर उन्हाळ्यात पांढरी माती टाकतात ते चालूच ठेवा.

नमुने घेतले: शून्य. या प्रकल्पातली आतापर्यंतची सगळ्यात पूर्ण तपासणी हीच.

८ ऑगस्ट, जळगावातला फ्लॅट

येत्या रविवारी कानबाई, खानदेशातली श्रावणातली देवी, बसणार; तिला रोटांचा नैवेद्य. घरोघरी साफसफाई, रंगरंगोटी. हे माझ्या लक्षातच आलं नाही. महिन्याभरापूर्वी बेडरूमच्या खिडकीखाली हातभर काळे डाग होते, त्यांचा फोटो माझ्याकडे आहे. आज तिथे ताजा फिकट पिवळा रंग. घरातल्या वहिनी म्हणाल्या, "रोट करायचे असतात, घर असं कसं ठेवायचं?" बरोबरच आहे. वेळ मी नीट ठरवायला हवी होती.

चिकटपट्टीवर आता रंगाशिवाय काही येणार नाही. पण पिना रंग भेदून आत गेल्या आणि काटा थेट वर. शेजारच्या भिंतीवर तोच काटा हलतही नाही. वर पाहिलं तर खिडकीत कूलर, मार्चपासून बसवलेला. टाकीच्या बुडाला बारीक गळती, पाणी खिडकीच्या कट्ट्यावरून भिंतीत. आपल्याकडे चार महिने कूलरशिवाय निभत नाही, आणि मे महिन्याच्या कोरड्या हवेत तो वरदानच आहे. पण पाऊस लागल्यावरही खिडक्या-दारं बंद करून तो चालवला की खोलीत नुसती वाफ भरते. वाळ्याची जाळी काढून पाहिली, खालच्या बाजूने काळी आणि बुळबुळीत.

दोन्ही कॅसेट इथे वापरल्या, एक बेडरूममध्ये आणि एक बाल्कनीत. मिनिटाला १५ लिटर, पाच मिनिटं, ७५ लिटर. कॅसेटमध्ये बीजाणू चिकट काचेवर बसतात आणि मेलेले-जिवंत सगळे मोजता येतात, प्लेटसारखी आठवडाभर वाट बघावी लागत नाही. मात्र ॲस्परजिलस आणि पेनिसिलियमचे बारीक गोल बीजाणू सारखेच दिसतात, ते एकाच रकान्यात लिहावे लागतात. आणि पूर्ण पट्टा मोजला तरी एक बीजाणू म्हणजे घनमीटरमागे तेरा. "तेरा" आणि "सव्वीस" यातला फरक फक्त एका बीजाणूचा असतो, हे अहवाल वाचणाऱ्याला कोणी सांगत नाही.

बाल्कनीची कॅसेट वाया गेली. समोर रस्ता खणलेला, पट्टा मातीने गच्च भरला, त्यात बीजाणू दिसेनात. एक मिनिटच घ्यायला हवं होतं. बाहेरची कॅसेट नाही म्हणजे आतल्या आकड्याला आधार नाही. तो अहवालात घालणार नाही.

निघताना घरच्या काकांनी हळूच विचारलं, "मॅडम, ही कोविडवेळची काळी बुरशी तर नाही ना?" त्यांच्या भावाला २०२१ मध्ये म्युकरमायकोसिस झाला होता. बसले, नीट सांगितलं. त्या आजाराला काळी बुरशी म्हणतात ते आजारात मेलेली त्वचा आणि ऊतक काळं पडतं म्हणून. ती बुरशी म्युकर-र्‍हायझोपस गटातली, शिळ्या भाकरीवर राखाडी कापसासारखी दिसते, मातीत सगळीकडे असते. तिने गाठलं ते अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइडमुळे प्रतिकारशक्ती खचलेल्या माणसांना. भिंतीवरचा काळा डाग ही वेगळी गोष्ट. तीही ठेवायची नाहीच; दमा असलेल्याला तिचा त्रास होतो. पण रंगावरून बुरशीची जात ठरत नाही आणि धोकाही ठरत नाही.

त्यांना "हवा स्वच्छ आहे" असा दाखला हवा होता. तो देता येणार नाही म्हणून सांगितलं. कूलर काढा, भिंत वाळू द्या, रंग खरवडा, मग पुन्हा रंगवा.

२७ ऑगस्ट, वाचनालय

दोन दिवस झड. बोरी नदीला पूर. आज नमुने थर्माकोलच्या पेटीत.

३ सप्टेंबर, प्रयोगशाळा

कोऱ्या प्लेट कोऱ्याच राहिल्या. मोठा दिलासा.

पंचवीस अंशांवर सात दिवस ठेवून मोजलं. मध्ये एकदा पाच तास लाईट गेली, त्याची नोंद केली आहे. माल्टवर वाचन खोलीत ३१ छिद्रांखाली कॉलनी, बाहेर ३८. चारशे छिद्रांच्या यंत्रात एका छिद्रातून दोन बीजाणू आले तरी कॉलनी एकच दिसते, म्हणून तक्त्याने दुरुस्ती करावी लागते: ३१ चे ३२, ३८ चे ४०. घनमीटरमागे आत सुमारे ५७०, बाहेर सुमारे ७१०. आकडा मोठा होत जातो तशी दुरुस्ती वाढते. २०० छिद्रांचे २७७ होतात.

आत कमी, बाहेर जास्त. दोन्हीकडे क्लॅडोस्पोरियमच पुढे. नुसता एवढाच कागद कोणाच्या हाती पडला तर तो म्हणेल, वाचनालय ठीक आहे.

आता त्याच दिवसाच्या चिकटपट्ट्या. पश्चिमेच्या कोपऱ्यातलं कपाट काका आणि दोन विद्यार्थ्यांनी दीड फूट पुढे ओढलं होतं. मागे पुरुषभर उंचीचा काळपट-हिरवा पट्टा, वरून खाली, हातभर रुंद. काका बराच वेळ काही बोलले नाहीत.

लॅक्टोफेनॉल कॉटन ब्लू या निळ्या रंगात पट्टी बसवून चारशे पट करून पाहिली. हवेतून येऊन पडलेले बीजाणू आणि तिथेच वाढलेली बुरशी यांतला फरक इथे कळतो. नुसते पडलेले बीजाणू सुटे, सरमिसळ, तंतूंशिवाय असतात. आमच्या पट्टीवर निळ्या रंगलेल्या तंतूंचं जाळं होतं, त्यातून उभे दांडे, दांड्यांच्या टोकाला ॲस्परजिलसची गोल डोकी, अजून साखळ्या लागलेली. आणि कपाटामागे घसरून भिंतीला चिकटलेल्या वर्तमानपत्राच्या तुकड्यावर किटोमियम ही बुरशी: केसाळ, काळे, सुगडासारखे गोळे, भोवती लिंबाच्या आकाराचे तपकिरी बीजाणू. आधी एकाच मुलीला दाखवलं. तिने डोळा काढलाच नाही, मग रांग लागली.

किटोमियम मला साक्षीदारासारखा वाटतो. त्याला कागदातलं सेल्युलोज लागतं आणि भरपूर पाणी लागतं. दमट हवेवर त्याचं भागत नाही. तो आहे म्हणजे इथे भिंत फक्त सर्दावलेली नाही, पाण्याने भिजत आलेली आहे. हवेच्या एकाही प्लेटवर तो नव्हता, कारण त्याचे बीजाणू चिकट लगद्यात बाहेर पडतात, सहज उडत नाहीत. डीजी-१८ सारखं कमी पाण्याचं माध्यम तर त्याला मानवत नाही.

मग हवेत काही का नाही? माझा अंदाज असा: झडीत खोली दमट होती, पंखे बंद, वाचक नव्हते, कपाट भिंतीला टेकलेलं. ॲस्परजिलसचे बीजाणू भिंत सुकल्यावर आणि हवा हलल्यावर सुटतात. आम्ही कपाट ओढायच्या आधी हवा घेतली, जे बरोबरच होतं. अंदाज खरा की खोटा हे ऑक्टोबर हीटमध्ये तपासता येईल. दरम्यान काकांना स्पष्ट सांगितलं की त्या बाजूला कोणाला बसवू नका.

१६ सप्टेंबर

अहवालाचा कच्चा मसुदा. वाचनालयाच्या समितीने विचारलंय, "किती आकड्यापर्यंत सुरक्षित?" असा आकडा नाही, हे लिहायला धीर लागतो, कारण लोकांना वाटतं आपण टाळतोय. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातली ओल आणि बुरशी यावर मार्गदर्शिका काढली, तिच्यातही बुरशीची सुरक्षित पातळी अशी संख्या नाही. सतत राहणारी ओल आणि वाढ टाळा, एवढंच ठाम सांगणं आहे. अमेरिकेची पर्यावरण संस्था म्हणते, बुरशी डोळ्यांना दिसत असेल तर बहुतेक वेळा नमुन्याची गरजच नसते. एका विद्यार्थ्याने धुळीतल्या डीएनएवरून ३६ जाती मोजून एक निर्देशांक काढायची त्याच संस्थेची पद्धत शोधून आणली. चांगलं वाचलंय त्याने. पण ती संशोधनापुरती आहे असं संस्थेनेच सांगून ठेवलंय, हेही त्याच्याकडून वाचून घेतलं.

ही अडचण नवी नाही. ब्रिटिश डॉक्टर डी. डी. कनिंगहॅम यांनी कलकत्त्यात हवेतले कण सूक्ष्मदर्शकाखाली मोजले आणि १८७३ मध्ये छापून काढले. हवेतल्या बीजाणूंची संख्या आणि त्या काळातले कॉलरा, हगवण, ताप यांचा मेळ काही त्यांना लागला नाही, आणि त्यांनी तसं स्वच्छ लिहिलं. दीडशे वर्षांपूर्वीचा तो प्रामाणिकपणा मला या मसुद्यासाठी उपयोगी पडतोय.

सरांनी भिंत ठोकून पाईप शोधला. पट्ट्याच्या बरोबर मागे. सांधा निखळलेला.

२१ ऑक्टोबर, वाचनालय

ऊन टळटळीत, भिंत वरून सुकलेली. पाईपचं काम दिवाळीच्या तोंडावर गवंडी न मिळाल्याने राहिलंय. कपाट पुन्हा न हलवता, रोजच्यासारखे पंखे चालू, दोन वाचक बसलेले, त्याच जागा, तीच दोन मिनिटं.

२८ ऑक्टोबर

बाहेर ४६ छिद्रं, दुरुस्तीनंतर ४९; घनमीटरमागे सुमारे ८७०. वाचन खोलीत २१४, दुरुस्तीनंतर ३०६, सुमारे ५,४००. ऑगस्टमध्ये क्लॅडोस्पोरियम पुढे होता, आता प्लेटभर ॲस्परजिलस. डीजी-१८ वरही तोच, शिवाय पुस्तकांवरच्या पिवळ्या भुरीसारख्या कॉलनी.

खोली तीच, भिंत तीच, आणि दोन महिन्यांत आकडा नऊ पटींच्या वर. ऑगस्टच्या एका नमुन्यावर आम्ही "ठीक" लिहिलं असतं तर हे दोन वाचक आज तिथे आमच्या शब्दावर बसले असते.

दोनच दिवसांचे, थोडेच नमुने आहेत, म्हणून माझा अंदाज सिद्ध झाला असं लिहिणार नाही. पण वाचन खोली आजपासून बंद करायला सांगितली. काकांनी फोनवर एवढंच विचारलं, "पुस्तकं वाचतील ना?"

९ नोव्हेंबर

भिंतीतला पाईप बंद करून बाहेरून नवा टाकला. गच्चीचं भोक मोकळं केलं, वर जाळी. काळा पट्टा आणि त्याच्या भोवतालचा फूटभर भाग विटेपर्यंत खरवडला. दाराला प्लास्टिक लावून, एन-९५, हातमोजे, चष्मा घालून, आधी पाणी फवारून. कोरडा झाडू हातात धरू दिला नाही. वर्तमानपत्रांचे भिजलेले गठ्ठे पिशवीत बांधून बाहेर गेले. त्यांतलं कोणतं जाऊ द्यायचं हे काकांनी एकेक बघून ठरवलं, आम्ही थांबलो. बाकीची पुस्तकं व्हरांड्यात सावलीत वाळवून, एकेक पुठ्ठा पुसून.

२३ नोव्हेंबर, वाचनालय

गावाबाहेर जिनिंग सुरू झालं, रस्त्यावर कापसाच्या गाड्या, हवेत तंतूच तंतू. कॅसेट असत्या तर आज पुन्हा गच्च भरल्या असत्या. इम्पॅक्टरने आत-बाहेर घेतलं, प्लेट ठेवल्या आहेत, आठवड्याने मोजू.

पण आज सगळ्यात आधी पिना टेकवल्या. उघड्या विटांवर पाच ठिकाणी, शेजारच्या कोरड्या भिंतीवर पाच ठिकाणी. खालचे दोन फूट अजून ओले, वरचा भाग शेजारच्या भिंतीइतका उतरलाय. गवंडी आज गिलावा करायला आला होता, त्याला परत पाठवलं. काटा सगळीकडे सारखा येईपर्यंत वीट उघडीच राहील.

कपाटं भिंतीपासून हातभर पुढे उभी आहेत. काकांनी जमिनीवर तेलरंगाने रेघ मारून घेतलीय, त्या रेघेच्या मागे कपाट जाणार नाही. पारोळ्याहून मुलाचा निरोप आला: चर खणला, आजी स्वतः उभ्या राहिल्या होत्या. तिथे मीटर न्यायचा नाही, क्षार आहेत. क्षारांच्या पांढऱ्या थराची उंची पट्टीने मोजायची. इथल्या पेन्सिलीच्या पंधरा खुणा पुसू नका असं काकांना सांगून ठेवलं आहे, पुढचं वाचन मृगाच्या आधी, त्याच जागांवर.